गीझर स्वतःहून बंद व्हायला हवा

तेलंगणात महिन्याला २०० युनिट वीज वापरणाऱ्या घराला विजेपोटी ८२० रुपये पडतात. त्याच घरात एक युनिट जास्त जळले, तर आकडा १,०२७ रुपये ७० पैशांवर जातो. स्थिर आकार आणि बाकीची किरकोळ शुल्के यात धरलेली नाहीत. हा फरक दरपत्रकाच्या रचनेतून येतो. २०२२ साली लागू झालेल्या दरांनुसार १०० ते २०० युनिट वापरणाऱ्या घराला पहिल्या शंभरासाठी ३ रुपये ४० पैसे आणि पुढच्या शंभरासाठी ४ रुपये ८० पैसे असा दर आहे. रेघ ओलांडली की मागची सगळी दोनशे युनिट ५ रुपये १० पैशांनी नव्याने मोजली जातात आणि वरच्या युनिटाला ७ रुपये ७० पैसे पडतात. म्हणजे त्या एका युनिटाची किंमत २०७ रुपये ७० पैसे झाली. मार्च २०२४ पासून ‘गृहज्योती’ योजनेत ज्यांना २०० युनिटांपर्यंत शून्य बिल येते, त्यांच्यासाठी तर ही रेघ म्हणजे काहीही न भरणे आणि सगळे भरणे यांच्यामधली सीमा आहे. घरात वीज वाचवण्याची चर्चा आपल्याकडे बहुधा पृथ्वी, प्रदूषण, पुढच्या पिढ्या अशा मोठ्या शब्दांनी सुरू होते. हैदराबादच्या मध्यमवर्गीय वस्तीत ती या रेघेपासून सुरू झाली पाहिजे. महिन्याला दहा-पंधरा युनिट वाचली काय आणि न वाचली काय, असे म्हणण्याची सोय या रेघेजवळ राहणाऱ्यांना नाही.

चिक्कडपल्ली ही अशीच वस्ती. आरटीसी क्रॉस रोड आणि नारायणगुडा यांच्या मधला हा दाट भाग. जुनी घरे पाडून उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारती, खाली दुकाने, वर बिऱ्हाडे, आणि गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या. सिटी सेंट्रल लायब्ररी इथेच आणि स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांनी भरलेले अशोकनगर शेजारीच. त्यामुळे पुण्यात सदाशिव पेठेतले वाडे आणि खोल्या जशा परीक्षार्थींनी भरल्या, तशीच इथली वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्या भरल्या आहेत. युरोप-अमेरिकेत ‘स्मार्ट हीटिंग’ म्हणजे अख्खे घर उबदार ठेवणाऱ्या यंत्रणेवरचा नियंत्रक. हैदराबादला खोली तापवावी लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत तापवायचे ते आंघोळीचे पाणी आणि मार्चपासून जूनपर्यंत थंड करायची ती झोपायची खोली. तापमानाचे नियंत्रण हा इथे गीझर आणि एसीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर म्हणून बाजारात वाय-फायचे गीझर, मोबाइलवरून चालणारे एसी आणि दूरवरून बंद करता येणारे प्लग आले आहेत. माझे म्हणणे असे की ही हुशारी चुकीच्या जागी घातली जात आहे. घरातली वीज वाचते ती यंत्राला माणसाने कितीदा आणि किती सफाईने आज्ञा दिली यावर नव्हे, तर माणसाने काहीच केले नाही तेव्हा यंत्र काय करते यावर.

यामागचा पुरावा थंड देशांतूनच येतो. वेळापत्रक लावता येणारे थर्मोस्टॅट अमेरिकेत अनेक वर्षे ऊर्जाबचतीचे साधन म्हणून खपले आणि सरकारच्या ‘एनर्जी स्टार’ची मोहोर त्यांच्यावर होती. रात्री तापमान खाली, सकाळी उठायच्या आधी वर, दिवसा घर रिकामे असताना पुन्हा खाली. कागदावर हिशेब चोख होता. प्रत्यक्षात बहुतेकांनी ते वेळापत्रक लावलेच नाही किंवा एकदा लावून कायमचे मोडून टाकले. अपेक्षित बचत दिसेना, म्हणून २००९ च्या अखेरीस ती मोहोर काढून घेण्यात आली. दुसरा पुरावा पॅरिसचा. ओईसीडी या संस्थेच्या कार्यालयांत हिवाळ्यात एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. खोल्यांच्या थर्मोस्टॅटवर मुळात लावून ठेवलेले तापमान एका अंशाने खाली आणले. कोणावर सक्ती नव्हती. बटण फिरवून पुन्हा वाढवायची मोकळीक प्रत्येकाला होती. तरी लोकांनी निवडलेले तापमान एकंदरीत खाली आले, कारण बहुतेकांनी बटणाला हातच लावला नाही. मूळ तापमान दोन अंशांनी उतरवले तेव्हा मात्र परिणाम कमी झाला. थंडी बोचली, लोक उठले आणि त्यांनी ते हाताने वाढवून घेतले. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की धोरणाचा सगळा धडा हाती येतो. माणसाच्या दक्षतेवर उभारलेली बचत टिकत नाही. कारखान्यातून लावून आलेली बचत टिकते, पण ती त्रास देऊ लागली की माणूस ती मोडतो.

आता गीझरकडे वळू. २५ लिटरच्या टाकीतले पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला जवळजवळ बरोबर एक युनिट वीज लागते आणि दोन किलोवॅटच्या गीझरला त्यासाठी अर्धा तास पुरतो. वीस लिटरची बादली ४० अंशांवर आणायला लागणारी उष्णता याच्या एक तृतीयांशच आहे. म्हणजे एकदा तापलेली टाकी तीन माणसांच्या बादलीभर आंघोळीला पुरते. ही वीज कोणत्याही ॲपने वाचत नाही. पाणी तापवायचे तर ती लागणारच. कमी लागायची असेल तर पाणी कमी वापरावे, एवढाच उपाय. वाचू शकते ती फक्त टाकीच्या भिंतीतून गळणारी उष्णता. साठवणीच्या गीझरवर ऊर्जा दक्षता ब्युरोचे, म्हणजे बीईईचे, जे तारे असतात ते नेमके हेच सांगतात, की चोवीस तास गरम ठेवल्यास टाकीतून किती वीज वाया जाते. पाणी किती लवकर तापते किंवा आंघोळीला किती वीज लागते, याच्याशी त्या ताऱ्यांचा संबंध नाही. दुकानात हे कोणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे थोडे थांबून सांगितले. या आकाराच्या टाकीत, तिच्या दर्जानुसार, ही गळती दिवसाला ढोबळमानाने अर्धे ते एक युनिट असते. ब्युरोचे माप पाणी आणि खोली यांच्यातला फरक ४५ अंश धरून काढलेले असते. हैदराबादेत तो फरक कमी असल्याने गळतीही थोडी कमी. तरी दिवसभर चालू राहिलेला गीझर महिन्याला बारा ते चोवीस युनिट निव्वळ बाथरूमच्या भिंतीला देतो.

हा आकडा लहान आहे आणि तो लहानच सांगितला पाहिजे. मोबाइलवरून गीझर चालवल्याने बिल निम्मे होईल असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. वरचा हिशेबच ते होऊ देत नाही. पण १९० ते २१५ युनिटांच्या पट्ट्यात हेलकावणाऱ्या घरासाठी हीच बारा ते चोवीस युनिट रेघेच्या या बाजूची किंवा त्या बाजूची ठरतात. आणि ती वाचवायला इंटरनेट लागत नाही. लागते ते एवढेच: टाकी एकदा तापली की गीझरने स्वतःला बंद करावे आणि पुन्हा तापवायचे असेल तर माणसाने बटण दाबावे. आज याच्या नेमके उलट होते. गीझरचा आतला थर्मोस्टॅट पाणी तापल्यावर वीज तोडतो खरा, पण पाणी निवू लागले की पुन्हा जोडतो, आणि भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत हे दिवसरात्र चालते. जुन्या मराठी घरांतला तांब्याचा बंब या बाबतीत आजच्या गीझरपेक्षा शहाणा होता. त्यात घातलेली लाकडे जळून गेली की तो विझे. पुन्हा पेटवायचा तर कोणाला तरी मुद्दाम उठून जळण घालावे लागे. त्या धुराची आणि कष्टाची कोणाला आठवण यावी असे नाही. पण जळण आपसूक संपण्याचा तो गुण विजेच्या गीझरमध्ये एका साध्या सर्किटने आणता येतो.

चिक्कडपल्लीसारख्या भागात हे का अडते, याचे कारण आळसात शोधू नये. घर कोणाचे आणि बिल कोणाचे, यात ते आहे. गीझर घरमालक विकत घेतो, विजेचे बिल भाडेकरू भरतो. मालकाला दोन-तीन हजार रुपये कमी मोजून स्वस्त, पातळ आवरणाची टाकी लावण्यात फायदा दिसतो. तिच्यातून गळणारी उष्णता पुढची दहा वर्षे दुसऱ्याच्या बिलात उतरत राहते. वसतिगृहात उलटे असते. तिथे खोलीभाड्यातच वीज धरलेली असल्याने चालकाला बिलाची काळजी असते आणि राहणाऱ्याला नसते. एका मजल्यावर दहा मुले, पहाटे पाचपासून दहापर्यंत आंघोळी, शेवटी गेलेल्याने बटण बंद करावे अशी अपेक्षा, आणि शेवटचा कोण हे कोणालाच ठाऊक नाही. भिंतीवर ‘कृपया गीझर बंद करा’ अशी चिठ्ठी लावण्यापलीकडे चालकाच्या हाती फार काही राहत नाही. अशा ठिकाणी ॲप कोणाच्या मोबाइलवर घालायचे? ज्या घरात एकच कर्ता माणूस आहे, त्याच्याकडे वेळ आहे आणि बिलही त्याचेच आहे, त्या घरासाठी आजची हुशार उपकरणे बनलेली आहेत. शहरातली मोठी संख्या अशा घरांत राहत नाही. यंत्राच्या मूळ रचनेत केलेला बदल मात्र मालक, भाडेकरू, पेइंग गेस्ट असा भेद न करता सगळ्यांपर्यंत पोहोचतो.

एसीच्या बाबतीत आपल्या देशाने हा मार्ग धरला होता, पण अर्ध्यावर सोडला. १ जानेवारी २०२० पासून भारतात विकला जाणारा घरगुती एसी २४ अंशांवर लावूनच बाहेर पडला पाहिजे, असा नियम झाला. तापमान एक अंशाने वर ठेवले की विजेत सुमारे सहा टक्के बचत होते, हा बीईईचा अंदाज त्यामागे होता. दीड टनाचा तीन तारांकित एसी लेबलवरच्या हिशेबाने वर्षाकाठी १,६०० तासांत हजार युनिटांच्या आसपास वीज घेतो. रोज रात्री आठ तास धरले तर महिन्याला दीडशे युनिट होतात. वीसऐवजी चोवीसवर ठेवला तर त्यातली तीस-पस्तीस युनिट वाचतात, आणि पंखा, फ्रिज, दिवे धरून ज्यांचा वापर आधीच दोनशेच्या पुढे गेला आहे त्यांना त्या प्रत्येक युनिटामागे किमान ७ रुपये ७० पैसे मिळतात. गीझरपेक्षा ही बचत मोठी. पण नियमात एक भोक राहिले. बहुतेक एसी शेवटी लावलेले तापमान लक्षात ठेवतात. मे महिन्यातल्या एखाद्या असह्य रात्री कोणी अठरावर नेले, की दुसऱ्या दिवशी, पाऊस पडून हवा निवल्यावरही, यंत्र अठरावरच सुरू होते. म्हणजे २४ अंशांचा नियम बऱ्याच घरांत खोके उघडल्यापासून पहिल्या आठवड्यातच संपतो. तो जिवंत ठेवायचा असेल तर दुरुस्ती सोपी आहे: एसी दर वेळी चालू होताना २४ वर यावा. ज्याला वीस हवे त्याने चार वेळा बटण दाबावे. हवे ते मिळायला त्याला दोन सेकंद लागतील. न मागणाऱ्या कोट्यवधी रात्रींची वीज मात्र वाचेल.

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीचे तापमान २० ते २८ अंशांच्या मर्यादेत बांधण्याचा विचार जाहीर केला तेव्हा लोक चिडले. माझ्या घरात मी किती थंडीत झोपायचे हे सरकार ठरवणार का, हा प्रश्न सर्वत्र विचारला गेला. हा आक्षेप मला बिनमहत्त्वाचा वाटत नाही. ज्याच्या खोलीला पश्चिमेची भिंत आहे, ज्याला हृदयविकार आहे, जो रात्रपाळी करून दुपारी झोपतो, त्याची गरज दिल्लीत बसून ठरवता येत नाही. पॅरिसच्या प्रयोगातला दुसरा निष्कर्षही हेच सांगतो, की लोकांना सोसेल त्यापलीकडे ढकलले की ते उपाय शोधतात. म्हणूनच कुंपण घालण्यापेक्षा सुरुवातीचे तापमान नीट ठरवणे मला अधिक न्याय्य वाटते. त्यात कोणाचाही अधिकार जात नाही, फक्त अधिकार वापरायला जरा हात हलवावा लागतो. जपानने २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहिमेतून उन्हाळ्यात कार्यालयांचे तापमान २८ अंशांवर ठेवण्याचे ठरवले, तेव्हा सोबत कोट आणि टाय काढून ठेवायची मुभाही दिली. तापमान वाढवायचे तर ते सोसेल अशी दुसरी सोयही करावी लागते, हे त्यांना कळले होते. आपल्याकडे ती सोय छताला टांगलेलीच आहे. फिरत्या पंख्याखाली सव्वीस अंशही सुखाचे वाटतात, आणि नवा बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आसपास चालतो, जिथे जुना पंचाहत्तर घेतो.

गीझरबद्दलचा आक्षेप वैद्यकीय आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. वीज वाचवण्यासाठी टाकीतले पाणी दिवसभर ४०-४५ अंशांवर कोमट ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. त्या तापमानात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांच्यामुळे एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. गरम पाणी साठवून ठेवायचे तर ६० अंशांवर ठेवावे, ही शिफारस त्यासाठीच आहे. माझ्या मागणीशी हा आक्षेप भांडत नाही, उलट तिला बळ देतो. टाकी पूर्ण तापू द्या, सलग आंघोळी उरका आणि मग गीझर बंद राहू द्या. बचत पाणी कोमट ठेवण्यात नाही, ते विनाकारण पुन्हा पुन्हा न तापवण्यात आहे. साठवणीऐवजी झटपट तापवणारा छोटा गीझर का नको, असेही विचारले जाते. ज्या बिऱ्हाडात एक-दोन माणसे वेगवेगळ्या वेळी आंघोळ करतात तिथे तो जरूर घ्यावा. त्यात साठाच नसल्याने गळती जवळजवळ नसते. मात्र तो एका वेळी तीन किलोवॅट ओढतो, आणि जुन्या इमारतींच्या वायरिंगला हे झेपते का हे आधी पाहून घ्यावे.

सगळ्यात वजनदार आक्षेप वास्तुशास्त्रज्ञांचा आहे. त्यांचे म्हणणे असे की तुम्ही बटणांवर वाद घालता आहात आणि डोक्यावरचा स्लॅब तापतो आहे. वरच्या मजल्यावर हे शब्दशः खरे आहे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. एसी त्या उष्णतेशी झगडत राहतो आणि तापमान चोवीसवर असो की वीसवर, त्याचा कॉम्प्रेसर थांबायला वेळच मिळत नाही. हैदराबादेत याची पाहणी झालेली आहे. २०१७ साली शहरातल्या गरीब वस्तीतल्या २५ घरांच्या छपरांवर ऊन परतवणारे आवरण घालून पाहिले गेले, तेव्हा घरातली हवा शेजारच्या तशाच घरांपेक्षा सरासरी दोन अंशांनी कमी भरली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये तेलंगणाने पाच वर्षांचे ‘कूल रूफ’ धोरण जाहीर केले, असे धोरण आणणाऱ्या राज्यांत ते आघाडीवर होते. राज्यात ३०० चौरस किलोमीटर छपरे थंड करायची, त्यातली २०० हैदराबादेत, असे लक्ष्य त्यात होते. पण सक्ती आहे ती सरकारी, व्यापारी आणि ६०० चौरस यार्ड किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींना. चिक्कडपल्लीतले बरेचसे भूखंड याहून लहान असल्याने तिथे ते मालकाच्या मर्जीवर राहिले, आणि मालकाची मर्जी कुठे वळते हे गीझरच्या बाबतीत पाहिलेच. मला या दोन उपायांत विरोध दिसत नाही. पांढरे छप्परही माणसाने काही न करता काम करणारे साधन आहे. एकदा रंगवले की त्याला रोज आठवण करून द्यावी लागत नाही. ज्या तत्त्वावर गीझर आपोआप बंद व्हावा असे म्हणतो, त्याच तत्त्वावर सहाशे यार्डांची ती अट खाली यायला हवी.

कारखाने आणि कार्यालये वीज उधळत असताना घरातल्या बारा युनिटांच्या मागे का लागायचे, असे विचारणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. देशातल्या वीजवापरात घरांचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे, तो क्षुल्लक म्हणता येणार नाही. आणि प्रश्न एकूण युनिटांचा जितका, तितकाच एकाच वेळी पडणाऱ्या भाराचा आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची वीजमागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली, तो उन्हाळा होता आणि भार वाढवणाऱ्यांत एसी आघाडीवर होते. अशा काही तासांसाठी उभारलेल्या क्षमतेचा खर्च वर्षभर सगळ्यांच्या दरांत वसूल होतो, एसी नसलेल्यांच्याही. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर सवलत मिळू लागली. वेळेनुसार दर बदलू लागले की वेळ पाहून चालणाऱ्या उपकरणाला पहिल्यांदा खरा अर्थ येईल, हे मान्य करतो. दुपारी सौरवीज मुबलक असताना टाकी तापवून ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राखता आली तर उत्तमच. पण त्यासाठीही आधी टाकीचे आवरण चांगले हवे. दिवसाला अर्धे युनिट गाळणारी टाकी चोवीस तासांत आपल्या उष्णतेचा तिसरा हिस्सा घालवते आणि एक युनिट गाळणारी निम्मी. स्वस्त टाकीवर बसवलेला महाग नियंत्रक हा तोटा भरून काढू शकत नाही.

तेव्हा बीईईने करायचे ते असे. साठवणीच्या गीझरला लेबल देताना, एकदा तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय सक्तीची करावी आणि कारखान्यातून तीच चालू करून पाठवावी. ज्याला दिवसभर गरम पाणी लागते त्याने ती बंद करून घ्यावी. एसीच्या नियमात ‘दर वेळी चालू होताना’ एवढे शब्द वाढवावेत. वीज कंपनीने दरमहाच्या बिलावर २०० च्या रेघेपासून ग्राहक किती युनिट दूर आहे हे मोठ्या अक्षरांत तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीत छापावे. आकडे तिच्याकडे आहेतच. आणि हे होईपर्यंत ज्यांना आपल्या घरी काही करायचे आहे त्यांनी वायरमनकडून गीझरच्या बटणाजवळ अर्ध्या तासाने बंद होणारा साधा टायमर बसवून घ्यावा. दोन-तीन किलोवॅटच्या गीझरला तो सोळा अँपिअरचाच लागतो. मोबाइल चार्जरसाठी विकले जाणारे सहा किंवा दहा अँपिअरचे स्वस्त प्लग या कामाला लावले तर ते तापून वितळू शकतात, म्हणून खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय काही विकत घेऊ नये, आणि अर्थिंग नसलेल्या बाथरूममध्ये टायमरच्या आधी अर्थिंग करून घ्यावे.